वतन म्हणजे राजाने दिलेलं बक्षीस? मला नाही पटत

नौपाडावासी: घोडबंदर रोडला एका नव्या संकुलाचा फलक लागलाय : 'राजेशाही वतन, पिढ्यान्‌पिढ्यांचं'. कट्ट्यावर बहुतेकांचं मत पडलं की इनाम, वतन, सरंजाम सगळं एकच, राजा खूश झाला की द्यायचा. माझ्या मते वतन ही वंशपरंपरागत चाकरी. पाटलाने सारा गोळा करायचा, कुलकर्ण्याने दप्तर लिहायचं, त्याबदल्यात जमीन, हक्क आणि मानपान. इनाम देवस्थानाला किंवा विद्वानाला, साऱ्याची सूट देऊन. सरंजाम फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेला महसूल. तिन्हींची खिचडी कशाला?

दप्तरदार: व्याख्या परीक्षेत मार्क मिळवून देईल, पण कागद इतके सरळ नसतात हो. पाटलाच्या वतनात इनाम जमीनही असायची. 'लेकराचे लेकरी', म्हणजे वंशपरंपरेने, हे शब्द दोन्हीकडे सापडतात. इंग्रजांच्या काळात तर देवस्थान इनाम वर्ग ३ आणि गावकामगारांची वतनं वर्ग ६, अशी एकाच यादीत बसवली. म्हणजे वतन हा इनामाचाच पोटप्रकार.

ऐरोलीकर: यादी साहेबाने केली, भोगलं कोणी? आमच्या आजोळी वतन होतं, महार वतन. सरकारी टपाल पोचवा, मेलेली जनावरं ओढा, रात्री-अपरात्री चावडीवर हजर व्हा. पदरात तुटपुंजी जमीन आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवली, ती हे जोखड उतरवायलाच. १९५८ च्या कायद्याने वतनं गेली, तरी आमच्यासारख्या वतनाची, म्हणजे वर्ग ६ ब ची, जमीन विकायला आजही कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. याला बक्षीस म्हणणाऱ्यांनी एकदा तो सातबारा बघावा.

कळवेकर: ठाण्यात बसून एवढ्या अलीकडचं काय बोलताय? अठराव्या शतकात ठाण्याच्या किल्ल्यात खोदताना कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अरिकेसरी राजाचा ताम्रपट मिळाला, शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७. दान आहे, पण वतन आणि इनाम हे अरबी शब्द तेव्हा इथे कुठून येणार? कोकणातले गधेगाळ, म्हणजे दानाचे शापदगड, पाहा. वर चंद्र-सूर्य, मध्ये मजकूर, खाली दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव लावलेलं. शिवी कोरून ठेवावी लागली, यातच काय ते समजा.

दप्तरदार: ऐरोलीकर, तुमचं दुःख खोटं नाही. पण पाटलाला विचाराल तर वतन म्हणजे जीव की प्राण. होळीच्या मानावरून भाऊबंदांची डोकी फुटायची. शब्द दोघांचा आहे, एकट्या चाकरीचा नाही.

नौपाडावासी: मग शिवकाळातले मंत्री रामचंद्रपंत अमात्य यांचं ऐका. आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात ते म्हणतात, देशमुख-पाटलांना वतनदार म्हणणं ही नुसती बोलायची रीत. हे छोटे पण स्वतंत्र देशनायकच, राज्याचे दायाद. दायाद म्हणजे वाटेकरी. वाटेकऱ्याला बक्षीस कोण देतं?

दप्तरदार: सनद तरी राजाच्याच शिक्क्याने निघायची ना?

नौपाडावासी: निघायची. पण वाद पेटला की गोतसभा, म्हणजे गावकऱ्यांची न्यायसभा, बसायची, आसपासचे पाटील आणि बलुतेदार साक्षीला यायचे. निवाड्याच्या महजरावर, म्हणजे निकालपत्रावर, सही न येणारा कुणबी नांगराचं चित्र काढायचा, बाकीचे आपापल्या धंद्याचं हत्यार.