मदत हवी आहे: पुण्यात जुनी सात सीटर फोर बाय फोर, फॉर्च्युनर, एन्डेव्हर की हेक्सा?

वेल्हेकर
नमस्कार मंडळी. घरात आता सात माणसं होणार: आम्ही दोघं, सत्तरीतले आई-बाबा, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि जानेवारीत येणारं बाळ. रोजचं चालवणं वारजे ते कर्वेनगर, पाच-सहा किमी. दर महिन्याला वेल्ह्याच्या पुढे गावी जाणं असतं. तिथला शेवटचा टप्पा कच्चा, पावसाळ्यात तांबडा चिखल आणि मध्ये एक खडा चढ. बजेट १४ लाख, दुरुस्ती धरून. तीन गाड्या समोर आहेत: २०१४ ची फॉर्च्युनर ३.० फोर बाय फोर मॅन्युअल (दिल्ली पासिंग, १ लाख ४० हजार किमी), २०१६ ची एन्डेव्हर ३.२ ऑटोमॅटिक (१ लाख १५ हजार) आणि २०१८ ची हेक्सा एक्सटी फोर बाय फोर मॅन्युअल (७० हजार). कोणती बघावी आणि बघताना नेमकं काय तपासावं?

तिसरी_रांग
ताई/दादा, गाडीच्या नावाआधी बसायचा नकाशा काढा, कारण तुमच्या सातही सीट भरणार आहेत. आई-बाबांना तिसऱ्या रांगेत बसवू नका, चढणं-उतरणं जमणार नाही. बाबा पुढे, आजी आणि बाळाची आई मधल्या रांगेत, बाळाची मागे तोंड असलेली सीटही तिथेच, आणि दोन्ही मोठी मुलं शेवटी.

खरी अडचण इथे येते. तिसऱ्या रांगेत जायला मधली सीट दुमडून उलटावी लागते आणि जिच्यावर चाइल्ड सीट आवळून बसवली आहे ती उलटत नाही. म्हणून बाळाची सीट उजवीकडे, ड्रायव्हरच्या मागे लावा. डावी बाजू मोकळी राहिली की मुलं फूटपाथच्या बाजूने चढतात-उतरतात. मात्र मागे तोंड असलेली सीट बरीच जागा घेते आणि उंच ड्रायव्हरला पुढे सरकावं लागतं. गाडी बघायला जाताना चाइल्ड सीट बरोबर न्या, बसवा, मग ड्रायव्हरच्या जागी बसून क्लच पूर्ण दाबा. गुडघा स्टिअरिंगला अडला तर ती गाडी तुमची नाही.

शेवटच्या रांगेत दोन्ही जागांना खांद्यावरून येणारा तीन बिंदूंचा बेल्ट हवाच, बूस्टर (मुलाला उंच बसवणारी सीट) त्याशिवाय निरुपयोगी. तीन वर्षांच्या मुलाची सीट तिथे बेल्टनेच बांधावी लागेल, तर बेल्ट पुरतो का ते जागेवर बघा. आवळल्यावर सीट बेल्टच्या वाटेपाशी धरून हलवा, २.५ सेमीपेक्षा जास्त हलली तर बसलेली नाही. बाळाची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही.

याच कारणासाठी सफारी स्टॉर्म स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, तिच्या मागच्या सीट आडव्या तोंडाच्या आहेत. जुन्या स्कॉर्पिओतही बऱ्याच मॉडेलना तसंच आहे. तुमच्या तिघींत तिसरी रांग सगळ्यात माणसाळलेली हेक्साची. फॉर्च्युनरच्या मागच्या सीट दुमडल्या की दोन्ही बाजूंना काचेशी लटकतात, सामानाची रुंदी तिथेच जाते.

ग्रीसगन
वरचं सगळं पटलं. आता खालून बघू.

फॉर्च्युनर ३.०: या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो १ लाख ५० हजार किमीला बदलायचा असतो, म्हणजे तो खर्च तुमच्याच वाट्याला येणार, भावात धरा. दुसरं, इंजेक्टरच्या तळाचे तांब्याचे सील गळायला लागले की जळका वायू तेलात उतरतो, काजळीचा थर धरतो आणि संपमधली (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) तेल खेचणारी जाळी तुंबते. तेलाचं प्रेशर गेलं की इंजिन गेलं. सील कधी बदलले याचं बिल मागा. नसेल तर संप उघडून जाळी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एन्डेव्हर ३.२: चालवायला तिघींत मला हीच आवडते आणि लो रेंजही (खड्या चढासाठी हळू पण जास्त जोर देणारे गिअर) आहे. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा भाग यायला लागणारा वेळ धरून चाला. या इंजिनाची एक महत्त्वाची गोष्ट बाहेरच्या गॅरेजवाल्यांना अनेकदा माहीत नसते. ऑईल बदलताना जुनं तेल काढून गाडी तशीच ठेवायची नाही. दहा मिनिटांत नवीन तेल भरायचं, नाहीतर ऑईल पंपात हवा शिरते आणि सुरू केल्यावर प्रेशरच येत नाही. आधीच्या मालकाने सर्व्हिस कुठे केली हे म्हणून विचारायचं.

हेक्सा: फोर बाय फोर आहे, पण लो रेंज नाही. एरवी मागची चाकं चालतात, घसरली की पुढच्यांना ताकद जाते. तुमच्या चढाला हे पुरेल की नाही हे टायरवर ठरेल. गुळगुळीत हायवे टायरच्या खाचा तांबड्या मातीने भरल्या की कुठलीच फोर बाय फोर चढत नाही. हेक्सा एक्सटीला १९ इंची चाकं आहेत आणि त्या मापात ऑल टेरेन टायर निवडायला फार मिळत नाहीत, हे आधी शोधून ठेवा. शिवाय चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असं असेल तर पुढे ताकद देणारा क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो.

वेल्हेकर
खूप उपयोगी, मनापासून आभार. फोर बाय फोर चालते की नाही हे विकत घेण्याआधी कसं बघायचं? एजंट म्हणतो "सोसायटीच्या आवारात लावून दाखवतो". आणि आमचं पार्किंग मशीनवालं, दुमजली आहे.

ग्रीसगन
डांबरावर बघायचं नाही. फॉर्च्युनरचा मधला डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) लॉक करून डांबरावर वळलं तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाचा फरक कुठे जिरत नाही, सगळा ताण गिअरवर येतो. मातीचं मैदान गाठा. तुम्ही बघताय त्या फॉर्च्युनरला फोर बाय फोर कायम चालूच असते. लीव्हर एचएलला (लॉक, साधी रेंज) टाका, डॅशवर लॉकचा दिवा स्थिर पेटायला हवा. नुसता लुकलुकत राहिला तर अॅक्च्युएटर किंवा स्विच बघावा लागेल. एलएलला (लॉक, लो रेंज) जाताना गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, मग लीव्हर. एन्डेव्हरलाही लो रेंज थांबून, न्यूट्रलमध्ये. हेक्साला मऊ मातीत हळूच रेस द्या आणि बाहेर कोणाला तरी पुढची चाकं बघायला उभं करा.

मग गाडी लिफ्टवर घ्या. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) आणि दोन्ही डिफरन्शियलचे फिलर प्लग उघडून तेलात बोट बुडवा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे, बहुतेक ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर सीव्ही बूट (चाकाच्या सांध्यावरचं रबरी आवरण) फाटला आहे. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळून बघा, 'टक' आवाज आला तर क्रॉस गेला. कोकणात राहिलेली गाडी असेल तर चासीच्या मागच्या भागात, बॉडी जिथे बोल्टने बसते तिथे, छोट्या हातोडीने ठोका. घट्ट आवाजाऐवजी भुसभुशीत आला तर नाद सोडा.

इंजिन थंड असतानाच पहिलं स्टार्ट तुम्ही द्या. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या म्हणा. नंतर पाच माणसं बसवून, एसी लावून बोपदेव घाट चढा आणि उतरा. चढताना तापमानाचा काटा, उतरताना ब्रेक.

पार्किंगबद्दल: मशीनच्या प्लेटवर वजन, रुंदी, उंचीची मर्यादा लिहिलेली असते, ती वाचा. तिन्ही गाड्या दोन टनांच्या आसपास किंवा वर आहेत आणि हेक्साची रुंदी आरसे सोडून १९०३ मिमी. मर्यादेत बसत नसेल तर तळमजल्याची जागा बदलून मिळते का ते सोसायटीत आधी विचारा.

कागदपत्र_पुणे
दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. पहिली, पुराची गाडी. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकता नगरी भागात पाणी शिरलं होतं. सर्व्हिस रेकॉर्ड आणि विम्याच्या क्लेममध्ये या तारखांच्या आसपास काही आहे का बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाशी मातीची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर गंज आणि गालिच्याखाली ओल तपासा.

दुसरी, दिल्लीची फॉर्च्युनर. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा आदेश होता, म्हणून अशा गाड्या स्वस्त दिसतात. पुण्यात तसा नियम नाही, पण इथे पासिंग करताना महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो, गाडीच्या मूळ किमतीवर, वयाची घट धरून. शिवाय २०२९ मध्ये तिला पंधरा वर्षं होतील, तेव्हा फिटनेस, पर्यावरण कर आणि पुढे पाच-पाच वर्षांची नोंदणी. हे सगळं मिळवून मग इथल्या भावाशी ताडा. एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नाव बदलायला २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं आधी मालकाकडून भरून घ्या. विमा चौदा दिवसांत नावावर करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तेव्हा हप्त्यात तेवढा फरक येईल.

तिसरी_रांग
माझं मत: पार्किंगमध्ये बसत असेल आणि टायर मिळत असतील तर हेक्सा. लो रेंज हवीच असेल तर एन्डेव्हर. दिल्लीची फॉर्च्युनर सोडा, चांगली हवी तर एमएच १२ किंवा १४ ची शोधा.

ग्रीसगन
सहमत. रोज पाच किमीच चालणार असेल तर आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास काढा, नाहीतर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग) काजळीने भरतं. आणि घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही डिफरन्शियल, ट्रान्सफर केस, ब्रेक फ्लुइड, कूलंट, सगळं बदला. प्रत्येक ठिकाणी भरायचा प्लग आधी सोडवून बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून अडकला आणि खालून तेल निघून गेलं असेल तर गाडी लिफ्टवरून हलवता येत नाही.