कसरतीच्या मॉडेल विमानासाठी सर्वो निवडताना किलोचा आकडा किती मानावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

सर्व जाणकारांना नमस्कार. सोयाबीन निघून वावर मोकळे झाले की मी तेथे उंच पंखांचे ट्रेनर विमान उडवतो. आता हवाई कसरतींसाठी सव्वा मीटर पंखविस्ताराचे बाल्सा लाकडाचे विमान बांधायला घेतले आहे. त्याचे तयार वजन दीड किलोच्या आसपास राहील आणि बॅटरी चार सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) आहे. एलेरॉनसाठी (पंखांच्या मागच्या कडेचे हलते पृष्ठभाग) दोन, एलेव्हेटर (शेपटीचा आडवा हलता पृष्ठभाग) आणि रडरसाठी (शेपटीचा उभा हलता पृष्ठभाग) एकेक असे चार सर्वो, म्हणजे हे पृष्ठभाग वळवणाऱ्या छोट्या मोटरी, घ्यायचे आहेत. ट्रेनरमध्ये ९ ग्रॅमचे प्लास्टिक गिअरचे सर्वो आहेत, पण ते येथे पुरतील असे वाटत नाही. जाहिराती पाहिल्या तर जवळपास त्याच वजनाच्या सर्वोवर कोणी २ किलो लिहितो, तर कोणी ४ किलो. आमच्याकडे हे सामान कुरिअरनेच येते आणि परत पाठवणे फार अवघड जाते, म्हणून एकदाच नीट घ्यावे अशी इच्छा आहे. लूप, रोल, उलटे उड्डाण आणि नाइफ-एज (विमान कुशीवर धरून उडवणे) स्वच्छ जमावे आणि पुढे विमान प्रोपेलरवर टांगून ठेवण्याचा सरावही करता यावा, एवढे माझे उद्दिष्ट आहे. किती किलोचा सर्वो घ्यावा? डिजिटल आणि धातूच्या गिअरचाच घेणे आवश्यक आहे का?

उत्तर (वरुड, जि. अमरावती)

भाऊ, जाहिरातीतला किलो हा खरे तर किलो-सेंटिमीटर असतो. ३ किलो-सेंटिमीटरचा सर्वो अक्षापासून १ सेंटिमीटरवर ३ किलोचा जोर लावतो, तर २ सेंटिमीटरवर तोच जोर दीड किलोवर येतो. शिवाय हा आकडा कोणत्या व्होल्टेजवरचा आहे ते अवश्य पाहावे. एकाच सर्वोचा जोर ४.८ व्होल्टवर वेगळा आणि ६ व्होल्टवर वेगळा असतो आणि विकणारा साहजिकच मोठा आकडा पुढे करतो. तो आकडाही सर्वो पूर्ण अडकून थांबतो त्या क्षणाचा असतो, उड्डाणात सतत मिळणाऱ्या जोराचा नव्हे.

माझ्या मते आपल्या विमानाला २.५ ते ३ किलो-सेंटिमीटरचा प्रामाणिक सर्वो पुरेल, मात्र जोडणीचे गणित आधी करावे. सर्वोचा हात १० मिलिमीटर आणि एलेव्हेटरचा हॉर्न (सर्वोकडून येणारी दांडी जोडायचा त्यावरचा उभा तुकडा) २० मिलिमीटर ठेवला, तर सर्वो ४५ अंश फिरल्यावर एलेव्हेटर सुमारे २० अंशच वळतो, पण त्याच्यावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो आणि सर्वोच्या गिअरमधला ढिलेपणा तेथे निम्माच पोहोचतो. लूप आणि रोलसाठी एवढे वळण भरपूर आहे. प्रोपेलरवर टांगण्यासाठी मात्र ४० ते ४५ अंश लागतात, म्हणजे हात आणि हॉर्न सारख्या लांबीचे करावे लागतात आणि वरचा सगळा फायदा हातचा जातो. म्हणूनच अशा उड्डाणासाठी जोराचा सर्वो लागतो. विमान टांगलेले असताना हवेचा भार फारसा नसतो. खरा भार येतो तो सुळकी मारून वेगात खाली आल्यावर एलेव्हेटर पूर्ण ओढताना, कारण वेग दुप्पट झाला की पृष्ठभागावरचा भार चौपट होतो.

तरीही किलोपेक्षा मी ढिलेपणा आणि मध्यावर परत येण्याची अचूकता यांना अधिक महत्त्व देईन. २० मिलिमीटरच्या हॉर्नच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची मोकळीक असली तर पृष्ठभाग सुमारे दीड अंश मोकळा हलतो. असे विमान सरळ रेषेत कधीच धरता येत नाही आणि वेग वाढला की फ्लटरचा, म्हणजे पृष्ठभाग जोरात फडफडण्याचा, धोका उभा राहतो. डिजिटल सर्वोत मोटरला सेकंदाला ५० ऐवजी काहीशे वेळा वीज मिळते, त्यामुळे तो मध्यावर घट्ट धरून राहतो. म्हणून एलेव्हेटर आणि एलेरॉनसाठी डिजिटलच घ्यावेत. ६० अंशांना ०.१० सेकंदाच्या आसपासचा वेग पुरेसा आहे.

उत्तर (हिंगणघाट, जि. वर्धा)

वरील मताशी मी सहमत आहे, पण या प्रश्नात विजेचा पुरवठा सुटला आहे. डिजिटल सर्वो अधिक वीज घेतात. चारही सर्वो एकाच वेळी भाराखाली आले आणि प्रत्येकाने दीड अँपिअर ओढला, तर ६ अँपिअरची गरज पडते. दादा, आपल्या ईएससीमधले (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) बीईसी (रेडिओ रिसीव्हर आणि सर्वोंना वीज देणारा भाग) कोणत्या प्रकारचे आणि किती अँपिअरचे आहे?

प्रश्नकर्ता

ते लिनिअर प्रकारचे आहे आणि त्यावर ५ व्होल्ट, ३ अँपिअर असे लिहिले आहे.

उत्तर (हिंगणघाट)

मग ते बाजूला ठेवावे. चार सेलची पूर्ण भरलेली बॅटरी १६.८ व्होल्टची असते. तिच्यातून ५ व्होल्ट काढताना उरलेले ११.८ व्होल्ट लिनिअर बीईसी उष्णतेतच घालवते. सर्वोंनी २ अँपिअर घेतले तरी त्या बोटभर सर्किटवर जवळपास २४ वॅट उष्णता तयार होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जात असताना ती उष्णता बाहेर पडणार कशी? बीईसी तापून बंद पडले किंवा व्होल्टेज एकदम खाली आले, तर रिसीव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्यात विमान हातचे जाते. ६ व्होल्टचे, किमान ५ अँपिअर सतत देणारे वेगळे स्विचिंग (फारसे न तापणारे) बीईसी लावावे आणि ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या वायरमधील लाल तार मोकळी करून तिला टेप गुंडाळावी. सर्वोचे पैसे थोडे कमी करावे लागले तरी चालतील, पण येथे काटकसर करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. घ्यायचे सर्वो ६ व्होल्टला चालतात याचीही आधी खात्री करावी.

उत्तर (अचलपूर, जि. अमरावती)

गिअरबद्दल लिहितो. नांगरलेल्या वावराच्या कडेला उतरताना चाक ढेकळात अडकते, विमान नाकावर जाते आणि एलेरॉनला झटका बसतो. अशा वेळी नायलॉनचे दात तुटतात, म्हणून आपल्या जमिनीवर धातूचे गिअर बरे. मात्र धातूचे गिअर झिजतात आणि हळूहळू ढिले होतात, त्यामुळे दर हंगामाच्या सुरुवातीला ते तपासावेत. सर्वो गरम गोंदावर किंवा दुहेरी टेपवर बसवू नयेत, कारण उन्हात दोन्ही सुटतात. प्लायवूडच्या पट्टीवर स्क्रूनेच आवळावेत. काळ्या मातीची धूळ फार बारीक असते, तेव्हा सर्वोच्या अक्षाजवळ तेल घालू नये, त्यावर धूळ चिकटून बसते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे आभार. सर्वो हाती आल्यावर त्याचा आकडा खरा आहे की नाही, हे घरी पाहता येईल का?

उत्तर (वरुड)

होय. सर्वो फळीवर आवळावा, ६ व्होल्ट द्यावेत आणि २ सेंटिमीटरच्या हाताला दोरीने स्प्रिंगचा छोटा काटा काटकोनात बांधून ओढून पाहावा. काट्यावरच्या किलोला दोनाने गुणले की किलो-सेंटिमीटर मिळतात. सर्वो एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ अडकवून ठेवू नये, मोटर जळते. नंतर हात एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून बोटाने हलकेच ढकलून सोडावा आणि तो दोन्ही वेळा त्याच खुणेवर थांबतो का ते बघावे. चारांपैकी ज्या सर्वोची खूण सर्वांत नेमकी राहील तो एलेव्हेटरला लावावा आणि सर्वांत सैल निघेल तो रडरला. त्याच बनावटीचा एक जादा सर्वो मात्र याच पार्सलमध्ये मागवून ठेवावा, कारण दोन एलेरॉनवर वेगवेगळ्या बनावटीचे सर्वो बसवले तर दोन्हींचा वेग जुळत नाही आणि रोल वाकडा होतो.