'चंगळवाद' लिहू का? चैन, हौस, ऐष आणि पॉप आर्ट

(रत्नागिरीहून)
आमच्या क्लासच्या मुलांचं छोटं प्रदर्शन लावतोय, विषय पॉप आर्ट, म्हणजे दुकानातल्या, जाहिरातीतल्या रोजच्या वस्तू घेऊन केलेली कला. एका मुलीने हापूसची पेटी केलीय, म्हणजे एकच पेटी स्टेन्सिलने ओळीत परत परत छापलीय, पुठ्ठ्यावरचा आंबा, लाल अक्षरं, बाजूची हवेची भोकंसुद्धा जशीच्या तशी, फक्त रंग दरवेळी वेगळा आणि कोपऱ्यातली एक पूर्ण सोनेरी. खाली दोन ओळी मराठीत लिहायच्यात. कुणीतरी सुचवलं 'चंगळवादावर भाष्य'. मला ते पटत नाहीये, तुम्ही काय लिहाल? आणि लक्झरीला काय म्हणायचं?

(चिपळूणहून)
चंगळवाद नकोच ताई. त्या शब्दातच निकाल देऊन टाकलेला असतो, चंगळवादी म्हटलं की समोरचा वाईटच. पॉप आर्टची गंमतच ही की ते निकाल देत नाही. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, प्रत्येक चित्र एका चवीच्या डब्याचं, आणि भिंतीवर अरुंद फळी मारून त्यावर ती दुकानासारखी ओळीने ठेवलेली. आता यात तो सूप घ्या म्हणतोय की घेऊ नका म्हणतोय? सांगता येत नाही, आणि तेच त्या चित्रांचं बळ आहे असं मला वाटतं. त्याच्याही आधी इंग्लंडमध्ये चित्रकार रिचर्ड हॅमिल्टनने १९५७ च्या एका पत्रात पॉप आर्टची लक्षणं लिहिली होती त्यात लोकप्रिय, अल्पजीवी, स्वस्त, घाऊक उत्पादन, तरुण, झगमगीत, मोठा धंदा असे शब्द एका दमात येतात, कौतुक नाही की टीका नाही. म्हणून 'ग्राहक संस्कृती' लिहा. 'उपभोग संस्कृती' पण चालेल पण उपभोग म्हटलं की वस्तू वापरणं आलं, पेटीच्या चित्रात विकणं-घेणं जास्त आहे.

(कुडाळहून)
लक्झरी हा शब्द आपल्याकडे लिहूच नका, लोक रात्रीची मुंबईची गाडी समजतील, 'लक्झरीन येतंय' असंच बोलतात सगळे. चैन घ्या हवं तर, पण चैनीत थोडा ठपका असतो, पैसे उडवले असा. हिंदीत चैन म्हणजे निवांतपणा, मराठीत आल्यावर ती खर्चिक झाली. 'ऐष' मूळ अरबी, तिथे जगणं असाच अर्थ, आपल्याकडे ऐषआराम. मला विचाराल तर 'हौस' हाच शब्द. तोही अरबी-फारसीतूनच आलाय, हिंदीत त्याची हवस झाली आणि बदनाम झाली, मराठीत मात्र तो गोड राहिला. गणपतीक चाकरमानी इले की घरात मखर, लायटिंग, नवा टीव्ही काय काय येतं, त्याला कुणी चंगळ म्हणत नाही, हौसेक मोल नाय म्हणतत. आणि एक, पॉप आर्टला कृपया 'लोककला' करू नका, इथे शेजारी पिंगुळीत चित्रकथी आहे, चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती, लोककला म्हणजे ती. पॉप आर्ट तसंच राहू दे.

(रत्नागिरीहून)
हौस छान वाटतंय पण सोनेरी पेटीला ते पुरत नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली, ही पेटी परदेशात जाणारी आहे. म्हणजे त्यात पुढे जाण्याची इच्छा आहे ना.

(चिपळूणहून)
मग तिथे 'महत्त्वाकांक्षा' लिहा, चांगल्या अर्थाचा शब्द आहे, हाव किंवा हव्यास म्हटलं की बिघडलं. 'ईर्षा' पण सुचत होता, आपण 'ईर्षेने अभ्यास केला' म्हणतो, पण बऱ्याच जणांना त्यात मत्सरच ऐकू येतो, लेबलवर धोका नको. सोनेरी रंगावरून आठवलं, वॉरहॉल आधी चपला-बुटांच्या जाहिरातींची चित्रं काढायचा, आणि १९८० च्या सुमारास परत बुटांकडेच वळला, चित्रांचं नाव 'डायमंड डस्ट शूज', पण चमक हवी तशी येण्यासाठी वापरली ती मुख्यतः काचेची पूड. नावात हिरा, चित्रात काच. ऐश्वर्याबद्दल बोलायचं तर मुलांना हे जरूर सांगा.

(रत्नागिरीहून)
सांगते. लिहिलंय ते असं: 'हापूसची पेटी, स्टेन्सिल छपाई. विकणाऱ्याची महत्वाकांक्षा आणि घेणाऱ्याची हौस.' ग्राहक संस्कृती वरच्या मोठ्या फलकावर घेते.

(कुडाळहून)
मस्त. फक्त महत्त्वाकांक्षेत दोन त येतात, महत्त्व अधिक आकांक्षा, छापायच्या आधी तेवढं करा.