मदत हवी आहे : बेकेट यांचे नाटक आणि अमूर्त चित्रकला

सॅम्युएल बेकेट यांची नाटके आणि अमूर्त चित्रकला यांच्या नात्यावर मी एक टिपण लिहीत असून, एका मुद्द्यावर जाणकारांची मदत हवी आहे. व्यक्त करण्याजोगे काही नसले तरी व्यक्त करण्याची बांधिलकी उरतेच, ही भूमिका बेकेट यांनी १९४९ साली पिएर ताल-कोआत या फ्रेंच चित्रकाराविषयीच्या संवादात मांडली होती. मला ती सर्वांत स्पष्ट दिसते १९८१ मध्ये जर्मन दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘क्वाड’ या नाटकात. पांढरा, पिवळा, निळा आणि लाल असे झगे घातलेले चौघे एका चौरसाच्या कडांवरून आणि कर्णांवरून एक शब्दही न बोलता चालत राहतात, आणि मध्यबिंदूजवळ येताच प्रत्येक जण झटकन बाजूला वळतो. रेषा, रंग आणि लय एवढेच उरते. सरळ रेषा आणि मोजके रंग यांतून अमूर्त चित्रे रचणारे डच चित्रकार मोंद्रियान यांची चित्रे आठवू नयेत हे मला तरी अशक्य वाटते.

मात्र दुसऱ्या, रंगहीन भागात चाल मंदावते, तालवाद्ये थांबतात आणि जमिनीवर घासणारी पावले ऐकू येतात. माझे विवेचन तिथेच अडते. थकलेले शरीर समोर असताना त्या आकृतीला चित्राच्या अर्थाने अमूर्त म्हणता येईल का? चित्रकार आणि नाट्यकर्मी, दोघांचीही मते कृपया सविस्तर कळवावीत. या विषयावरील मराठी लेखन ठाऊक असल्यास तेही सुचवावे.