मदत हवी आहे: व्हीआर हेडसेट डिझाइन स्टुडिओत नेमका कधी हातात द्यावा?

नमस्कार मंडळी,

आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला डिझाइन शिकवतो. कॉलेजने दोन क्वेस्ट ३ हेडसेट घेतलेत, वर्गात पोरं चाळीस. सध्या मुलं स्केचअपमध्ये (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) मॉडेल पूर्ण करतात, एन्स्केपमधून (ते मॉडेल खऱ्यासारखं दाखवणारं सॉफ्टवेअर) हेडसेटवर बघतात आणि ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडण्याच्या, आदल्या दिवशी आत फिरून ‘भारी दिसतंय सर’ म्हणतात. डिझाइन आधीच झालेलं, हेडसेट नुसता मिरवायला.

पण उपयोग आहे, हे पाहिलंय. वाचनालयाच्या प्रोजेक्टात एका मुलीचा डॉगलेग जिना (मध्ये उलटा वळणारा) प्लॅनमध्ये बिनचूक होता. मजला ३.६ मीटर, १५० मिमीचे रायझर (एका पायरीची उंची), १२-१२ रायझरच्या दोन फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग रांगा). मधल्या लँडिंगखालून (वळणावरचा सपाट भाग) स्टोअरला वाट ठेवलेली. सेक्शन (इमारत उभी कापून दाखवणारं ड्रॉइंग) मात्र भलतीकडून कापलेला, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. हेडसेट घालून तिथून जाताना बाई आपसूक खाली वाकली! स्लॅब वजा जाता उंची उरत होती १.६५ मीटर. मग तिनेच पहिली फ्लाइट १६ रायझरची करून लँडिंग वर नेलं. मी लाल पेनाने हेच लिहिलं असतं तर ‘हो सर’ म्हणून शीट गुंडाळली असती.

तर हे बटर पेपरच्या, म्हणजे कच्च्या स्केचच्या, टप्प्यावरच कसं आणायचं? आर्किओ, ग्रॅव्हिटी स्केच ही आकार काढायची ॲप्स थेट हेडसेटवर चालतात, म्हणून मासिंग (इमारतीचा ढोबळ आकार ठरवणं) त्यातच करायला दिलं. तर पोरांनी हवेत सुंदर आकार काढले. भिंतीची जाडी, स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर), कॉलम सगळं गायब. शिवाय हेडसेटमध्ये अंतरं खऱ्यापेक्षा कमी वाटतात, हे संशोधनातही आलंय. त्यामुळे ‘खोली लहान वाटतेय’ म्हणून कुणी भिंत सरकवू लागलं की मी आधी जमिनीवर खडूने खऱ्या मापाची खोली आखायला लावतो. बरोबर करतोय का?

मळमळीवर सध्या सरकत चालण्याऐवजी टेलिपोर्ट (एका जागेवरून दुसरीवर थेट उडी) आणि झाडं, रिफ्लेक्शन बंद, एवढाच उतारा सापडलाय. एन्स्केपचा व्हाइट मोड (सगळं साधं पांढरं दाखवणारा) सक्तीचा केलाय, नाहीतर सगळे इटालियन मार्बलच बघत बसतात.

स्टुडिओत हे प्रत्यक्ष राबवलेल्यांनी सांगा: दोन हेडसेटवर पाळ्या कशा लावता? आणि मार्क कशाला देता, आत फिरून केलेल्या बदलांना की शेवटच्या शीटला? पुढचा प्रोजेक्ट उतारावरचं घर आहे, दिवाळीनंतर सुरू होईल. त्याआधी ब्रीफ लिहायचाय. कुणाकडे असा ब्रीफ तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कुठला हेडसेट घ्यावा हा प्रश्न नाही, ते पैसे खर्च होऊन गेलेत.