कंट्रोल आणि रेग्युलेशन : नियंत्रण कुठे, नियमन कुठे?

कंट्रोल दिसला की 'नियंत्रण' आणि रेग्युलेशन दिसले की 'नियमन', अशी जोडी लावून बहुतेक भाषांतरे पुढे जातात. अनेकदा ते खपूनही जाते. पण या दोन शब्दांतला फरक खरा आहे आणि तो मराठीत नीट उतरवता येतो.

रेग्युलेशनच्या मुळाशी लॅटिन 'रेग्युला' आहे, म्हणजे रेघ सरळ यावी म्हणून धरायची पट्टी. मर्यादा आधी आखायची आणि जे चालले आहे ते तिच्या आत राहील हे पाहायचे. कंट्रोल आला तो मात्र हिशेबातून. जुन्या फ्रेंचमध्ये मूळ नोंदींशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीला या शब्दाचे पूर्वरूप वापरत. 'ताडून पाहणे' हा अर्थ सरकत सरकत 'ताब्यात ठेवणे' इथवर आला. जुना अर्थ अजून पुरता गेलेला नाही. औषधाच्या चाचणीत ज्यांना नवे औषध देत नाहीत तो 'कंट्रोल ग्रूप'. त्याला 'नियंत्रित गट' म्हटले की वाचकाला वाटते, या लोकांवर काही बंधने घातली आहेत. तिथे 'तुलना गट' हाच शब्द हवा. या एका बाबतीत मी हट्टी आहे.

एरवी मी एकच प्रश्न विचारतो : प्रत्येक वेळी निर्णय कुणीतरी घेते आहे, की ठरलेली मर्यादा आपोआप पाळली जाते आहे? वैमानिकाला उतरायची परवानगी कक्षातून मिळते, एकेका विमानाला वेगळी. ते नियंत्रण. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते ते घाम, कापरे आणि त्वचेतल्या रक्तप्रवाहामुळे, आपल्या इच्छेवाचून. ते नियमन. रक्तदाबाचे उदाहरण तर फार बोलके आहे. शरीर स्वतः त्याचे नियमन करतच असते. ते बिघडले की आपण गोळ्या घेऊन तो नियंत्रणात आणतो. गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर आत दाब कितीही असो, बाहेर येणारा दाब ठरलेल्या पातळीवर ठेवतो, म्हणून तो नावाप्रमाणे वागतो. पंख्याच्या रेग्युलेटरवर वेग आपला हात ठरवतो, तेव्हा या कसोटीने तो खरे तर नियंत्रकच. पण रुळलेले नाव बदलायला कुणी जाऊ नये.

मराठीने ही जोडी मोडलीही आहे. 'बर्थ कंट्रोल'साठी र. धों. कर्वे यांनी 'संततिनियमन' हा शब्द वापरला. मला तो फार योग्य वाटतो, कारण मुले किती आणि कधी हे जोडप्याने स्वतःच आखून घ्यायचे आहे. 'नियंत्रण' म्हटले असते तर बाहेरच्या कुणाचा तरी हात त्यात दिसला असता.

संस्कृतातून मात्र हा भेद सिद्ध करता येत नाही. 'नियम' आणि 'यंत्र' दोन्ही 'यम्' म्हणजे आवरणे या एकाच धातूतून आलेले आहेत. फरक रूढीने पडला आहे, आणि रूढी पुरेशी आहे.

कायद्याच्या मजकुरात रेग्युलेशन अनेकवचनी आले तर 'नियमन' चालणारच नाही. तिथे अधिनियम, नियम आणि विनियम असा क्रम आहे, आणि रेग्युलेशन्स म्हणजे विनियम.