ईजे-३०१: न्यूट्रॉन आणि गॅमाचे पट्टे सुटत नाहीत

तरंगलेख (प्रश्न)
न्यूट्रॉन आणि गॅमा पल्सच्या आकारावरून वेगळे ओळखायचे आहेत. ५ × ५ इंची ईजे-३०१ द्रव सिंटिलेटर (किरणोत्साराने चमकणारा द्रव), फोटोमल्टिप्लायर (त्या प्रकाशाचा विद्युत पल्स करणारी नळी), ५ मीटर आरजी-५८ केबल, सेकंदाला ५०० मेगासॅम्पल घेणारा १४ बिट डिजिटायझर. स्रोत ॲमेरिशियम-बेरिलियम, न्यूट्रॉन आणि गॅमा दोन्ही देणारा. लाँग गेट (एकूण चार्ज मोजायचा काळ) ३०० नॅनोसेकंद. शॉर्ट गेट (पल्सचा सुरुवातीचा भाग, उरलेली ती शेपटी) ६० ते १०० फिरवून पाहिला. शेपटीचा चार्ज भागिले एकूण चार्ज काढला, तर ५०० केईव्ही (इलेक्ट्रॉन-सममूल्य) च्या वरही या गुणोत्तराच्या आलेखातले न्यूट्रॉन आणि गॅमाचे पट्टे मिसळलेलेच. सरासरी पल्समध्ये शिखरानंतर ५० नॅनोसेकंदांवर छोटा उंचवटा दिसतो. सिंटिलेटर खराब झाला का?

मंदघटक (उत्तर)
शॉर्ट गेट फारच लांब आहे. ईजे-३०१ चा वेगवान घटक सुमारे ३ नॅनोसेकंदांचा, मंद घटक ३२ आणि २७० चे. न्यूट्रॉनने उडवलेल्या प्रोटॉनची ओळख या मंद प्रकाशात असते, आणि ८० पर्यंत ३२ वाला जवळजवळ सगळा शॉर्ट गेटमध्येच जातो. शॉर्ट गेट २० ते ४० मध्ये २-२ ने सरकवत फिगर ऑफ मेरिट (पट्टे किती सुटले याचं माप) काढा: दोन शिखरांतलं अंतर भागिले दोघांच्या अर्ध्या उंचीवरच्या रुंदींची बेरीज. १.२७ च्या वर गेलं की चांगलं.

उंचवटा म्हणजे केबलच्या टोकावरून परतलेल्या पल्सचं परावर्तन. आरजी-५८ मध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद, ५ मीटर जाऊन-येऊन ५०. तो पल्सच्याच दिशेने असेल तर डिजिटायझरकडचा रोध ५० ओमपेक्षा जास्त आहे. उलट दिशेने असेल तर कमी, बहुधा टी (एका केबलला दोन फाटे देणारा जोड) लावून ऑसिलोस्कोपही ५० ओमवर जोडलेला असतो.

शून्यरेषा (उत्तर)
गेटचं पटलं. पण एवढ्या परावर्तनाने ५०० केईव्हीला पट्टे मिसळणार नाहीत, माझा संशय बेसलाइनवर (पल्स नसतानाच्या पातळीवर) आहे. ३०० नॅनोसेकंद म्हणजे १५० नमुने. बेसलाइन एका चॅनेलने (डिजिटायझरच्या एका पायरीने) चुकली तर चार्ज १५० ने चुकतो. प्रत्येक पल्सपूर्वीचे निदान ५० नमुने घेऊन ती नव्याने काढा. गेटची सुरुवातही ठरावीक उंचीवरून न धरता शिखराच्या ठरावीक टक्क्यावरून धरा, नाहीतर लहान-मोठ्या पल्समध्ये ती सरकते.

एवढं करूनही सुटलं नाही तर ऑक्सिजन. विरघळलेला ऑक्सिजन ट्रिप्लेट अवस्था (रेणूंची उशिरा प्रकाश देणारी उत्तेजित अवस्था) विझवतो, म्हणजे नेमका मंद प्रकाश जातो. सेल न उघडता तपासा: त्याच व्होल्टेजवर सीझियम-१३७ ची ४७७ केईव्हीची कॉम्प्टन कड (गॅमा इलेक्ट्रॉनला विखुरताना देऊ शकतो त्या कमाल ऊर्जेची खूण) आधीपेक्षा खाली आली आहे का, गॅमा पल्सची शेपूट आखडली आहे का. तसं असेल तर द्रवातून कोरडा नायट्रोजन किंवा आर्गॉन बुडबुडवावा लागेल. झायलीनचा द्रव आहे, फ्यूम हूडमध्येच करा, ठिणगी नको.

उड्डाणकाळ (उत्तर)
कोणता पल्स न्यूट्रॉनचा ते वेळेवरूनही ठरवता येतं: स्रोताजवळ दुसरा डिटेक्टर ठेवून स्रोताचा ४.४४ एमईव्हीचा गॅमा पकडा. बहुतेक वेळा तो न्यूट्रॉनसोबतच निघतो. १ मीटरवर गॅमाला ३.३ नॅनोसेकंद, २ एमईव्ही न्यूट्रॉनला ५१, ५ एमईव्हीला ३२. वेळेनुसार निवडलेल्या घटनांचंच गुणोत्तर काढलंत की मिसळलेल्या पट्ट्यांतही कोण कुठे बसतो ते दिसेल.